धडा माझा, जाहिरात त्यांची

'डिड'नंतर क्रियापदाचे मूळ रूपच का येते, हे मी जिथे समजावले होते, तिथेच माझ्या ब्लॉगवरच्या धड्याच्या मधोमध महिनाभरात फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या कुठल्याशा कोर्सची जाहिरात येत होती. ती मी ठेवली नव्हती आणि मला ती दिसतही नव्हती. मी माझ्या खात्यात शिरून पान बघायची, आणि खातेदाराला जाहिराती दाखवायच्या नाहीत अशी मी ब्लॉगसाठी घेतलेल्या फुकट सेवेची रीत होती. मला कळले ते सर्वण गावच्या एका आईमुळे. तिने सहज विचारले, "टीचर, तो कोर्स तुमचोच न्हय?" मुलीसाठी तिने पैसे भरलेही होते.

आमच्याकडची परिस्थिती गोवेकरांना ठाऊकच आहे. मराठी शाळेतले मूल चौथीपर्यंत मराठीतून शिकते आणि पाचवीत पाऊल टाकताच गणित, विज्ञान, इतिहास सगळेच इंग्रजीतून सुरू होते. १९९० साली सरकारने प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोंकणीपुरते ठेवले, २०११ मध्ये ते इंग्रजीलाही खुले केले. त्यावरून मोर्चे निघाले, माणसे दुरावली. पाचवीतल्या मुलाची अडचण होती तिथेच राहिली. डिचोलीत शिकवताना मी ती रोज पाहिली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहिले, तेव्हा मुलांचे बापही हॉटेलातल्या नोकरीपुरते इंग्रजी विचारायला येऊ लागले. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला, आणि आमच्या पेडण्याची पदवीधर पोरे मुलाखतीला जाऊन 'स्वतःविषयी सांगा' या पहिल्याच प्रश्नाला अडखळून परत आली. त्यांना इंग्रजी येत नव्हते असे नाही. त्यांना ते कुणी बोलायला लावलेच नव्हते.

माझ्या वर्गातल्या टिपणांचा गठ्ठा होता. तो सर्वांना मिळावा म्हणून निवृत्तीनंतर ब्लॉग काढायचे ठरवले. ब्लॉगर घ्यावे की वर्डप्रेस, यावर घरात दोन तट पडले. एक १९९९ पासूनचे आणि २००३ पासून गूगलच्या हातातले, दुसरे त्याच २००३ मध्ये जन्मलेले. मला मात्र वेगळीच धास्ती होती. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले, पोस्टरस २०१३ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. लोकांनी वर्षानुवर्षे लिहिलेले त्यांच्याबरोबर गेले. फेसबुकवर कालचा धडा आज खाली बुडतो आणि व्याकरणाला तर क्रम लागतो. व्हॉट्सॲपला मी सरळ नकार दिला. सुप्रभातच्या फुलांच्या ढिगाऱ्यात माझा धडा मला नको होता. अखेर एका फुकट सेवेवर पान काढले.

त्यात फाँटचे संकट. टिपणे म्हापशाच्या एका डीटीपीवाल्याने युनिकोडपूर्व फाँटात टाईप केलेली. ती पानावर चिकटवली तर इंग्रजी वाक्ये शाबूत आणि त्यांचे मराठी स्पष्टीकरण म्हणजे नुसती निरर्थक अक्षरे. सगळे पुन्हा टाईप केले. त्याचे दुःख नाही.

दुःख त्या जाहिरातीचे आहे. मी सेवेकडे तक्रार केली. उत्तर आले की जाहिराती नको असतील तर सशुल्क योजना घ्या. पैसे मी भरले असते, पेन्शन आहे. पण आधी मला न सांगता माझ्या नावाखाली माल विकायचा आणि मग तो थांबवण्यासाठी माझ्याकडूनच पैसे मागायचे, याला काय म्हणावे? आमच्या गावांत टीचर सांगते म्हणजे ते खरेच असते. हा विश्वास मी वर्गात उभे राहून मिळवला होता, तो कुणी तिऱ्हाइताने वापरला. जाहिरातीवर बारीक अक्षरात 'ॲडव्हर्टाइजमेंट' लिहिले होते, असे मला सांगण्यात आले. लिहिले होते, पण इंग्रजीत! ती बारीक पाटी ज्याला वाचता येते, त्याला माझ्या धड्याची गरज काय? ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठीच ते पान होते आणि सावधगिरीची सूचना मात्र इंग्रजी येणाऱ्यांसाठी. पुढे सरकायचे बटण इंग्रजीत, परवानगीची चौकट इंग्रजीत. एक मुलगा म्हणाला, "टीचर, काय विचारता तें कळना, म्हणून हांवें बंद केलें." त्या आईचे पैसे परत मिळाले नाहीत. मी देऊ केले, तिने घेतले नाहीत.

शेवटी सशुल्क योजना घेतली. पान स्वच्छ झाले. पण मुले तिथे फारशी येतच नाहीत. ती मला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात, मी चुका सुधारून आवाजातच परत पाठवते. मानायला जड जाते, पण उच्चार असे जितके सुधारले तितके माझ्या कुठल्याही लिखित धड्याने सुधारले नाहीत. तरी त्या माध्यमावर माझा भरवसा नाहीच. मुलाचा फोन बदलला आणि बॅकअप नसेल, तर सगळे नाहीसे होते. म्हणून पानही चालू ठेवले आहे.

जे शिक्षक असे काही करू पाहतात त्यांना माझे सांगणे एवढेच. मजकुराची मूळ प्रत युनिकोडमध्ये स्वतःच्या संगणकावर ठेवा, आणि पान तयार झाले की दुसऱ्या कुणाच्या साध्या फोनवर, खात्यात न शिरता, उघडून पाहा. पालकांनीही पैसे भरण्याआधी शिक्षकाला एक फोन करावा.

केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे ऑनलाइन शिक्षण-व्यासपीठ २०१७ पासून आहे, पण त्याची मांडणी पाठ्यपुस्तकांभोवती. विमानतळावर मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला किंवा खाणीवरून हॉटेलात गेलेल्या बापाला तिथे शोधूनही काय मिळणार? पर्वरीला बसलेल्या शिक्षण खात्याने गोव्यातल्या शिक्षकांसाठी एक जागा उघडावी. तिथली बटणे मराठीत आणि कोंकणीत असावीत आणि जाहिरात एकही नसावी. माझी सगळी टिपणे मी पहिल्याच दिवशी तिथे फुकट देईन.