सहा मीटरचा पाहुणा

दोस्तांनो, खडूचा एक तुकडा आणि मोजायची टेप घ्या. अंगणात, गच्चीवर नाहीतर बिल्डिंगच्या आवारात एक आयत आखा. लांबी सहा मीटर, रुंदी दोन मीटर. आखलात? आता त्यात दोन ऑटोरिक्षा एकीमागे एक उभ्या आहेत असं समजा. एक रिक्षा साधारण अडीच ते पावणेतीन मीटर लांब असते. म्हणजे दोन रिक्षा उभ्या करूनही थोडी जागा उरलीच की!

एवढी जागा एकट्या गाडीला लागते. तिचं नाव अमेरिकन पिकअप ट्रक. ‘पिकअप’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर येईल तो बाजार समितीत कांद्याच्या गोणी घेऊन येणारा आपला पिकअप. हा त्याचाच भाऊबंद, पण चांगलाच थोराड. फोर्ड एफ-१५०, रॅम १५००, शेवरोले सिल्व्हराडो आणि टोयोटा टुंड्रा ही या घराण्यातली बडी मंडळी. प्रत्येक गाडी सुमारे सहा मीटर लांब, आरसे सोडून दोन मीटरहून जास्त रुंद आणि जवळजवळ दोन मीटर उंच. वजन अडीच टनांच्या आसपास. पुढे प्रशस्त केबिन, त्यात पाच जणांची ऐसपैस बैठक आणि मागे सामानासाठी उघडा हौदा.

अमेरिकेत अशा गाड्या गल्लोगल्ली दिसतात. पण आज आपण जाणार आहोत ऑस्ट्रेलियात. तिथे हा अमेरिकन पाहुणा गेली काही वर्षं मुक्कामाला आला आहे. त्याचं कुणी तोंडभरून कौतुक करतं, तर कुणी त्याला बघून कपाळाला आठ्या घालतं. असं का? चला, बघूया.

रविवारी चर्च, सोमवारी बाजार

ऑस्ट्रेलियाला हौदा असलेली गाडी काही नवी नाही. तिथे तिला लाडानं ‘यूट’ म्हणतात. तिच्या जन्माची एक गोष्ट तिकडे नेहमी सांगितली जाते. व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलँड भागात एक शेतकरीण राहायची. १९३० नंतरचे ते मंदीचे दिवस. तिनं म्हणे फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं, की दोन गाड्या घेणं आम्हाला परवडत नाही. तेव्हा अशी एकच गाडी बनवा, की जिच्यातून रविवारी न भिजता चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील!

गिलाँग शहरातल्या फोर्डच्या कारखान्यात लुई बँट नावाचा विशीतला तरुण आराखडे काढायचं काम करत असे. त्यानं पुढे मोटारीची बंद केबिन आणि मागे मालाचा हौदा अशी एकसंध गाडी आखली. १९३४ साली ती बाजारात आली आणि शेतकऱ्यांना एकदम पसंत पडली. आज सुतार, गवंडी, प्लंबर, शेतकरी, सगळे यूट वापरतात. डेनिलिक्विन या गावात तर १९९९ साली यूटचा मेळाच सुरू झाला. आपण पोळ्याला बैल सजवतो ना, तसे लोक आपापली यूट नटवून तिथे आणतात.

२०१६ ते २०२२ अशी सलग सात वर्षं ऑस्ट्रेलियात सगळ्यात जास्त खपलेली गाडी होती टोयोटा हायलक्स ही यूटच. २०२३ आणि २०२४ मध्ये पहिला नंबर फोर्ड रेंजरनं पटकावला. तीही यूटच. आपल्या महिंद्रा कंपनीचे पिकअपही तिथे विकले जातात, बरं का!

मग घरची यूट असताना हा अमेरिकन पाहुणा कशाला हवा? एक कारण म्हणजे ऑस्ट्रेलियातले मोटारींचे मोठे कारखाने एकामागून एक बंद झाले. फोर्डनं २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, तर टोयोटा आणि होल्डन यांनी २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथलं उत्पादन थांबवलं. दणकट आठ सिलिंडरचं इंजिन असलेल्या देशी यूट संपल्या. त्या आवडणारे लोक परदेशी गाड्यांकडे पाहू लागले. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, पण ते थोडं पुढे सांगतो.

उजवं डावं, डावं उजवं

अमेरिकेत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच आहे. वाहनं डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडे. आता आली का पंचाईत! अमेरिकेतून आलेल्या नव्याकोऱ्या ट्रकचं स्टिअरिंग नेमकं चुकीच्या बाजूला.

मग त्याच्यावर चक्क शस्त्रक्रिया होते. मेलबर्न शहराच्या क्लेटन भागात वॉकिनशॉ नावाच्या कंपनीचा कारखाना आहे. तिथे रॅम आणि सिल्व्हराडो यांची डावी बाजू उजवी केली जाते. एफ-१५० चं हेच काम मेलबर्नच्याच उत्तरेला मिकलहॅम इथे २०२३ पासून होतं.

तुम्हाला वाटेल, स्टिअरिंगचं चाक इकडून काढलं आणि तिकडे बसवलं, झालं! छे, एवढं सोपं नाही ते. आधी सगळा डॅशबोर्ड उतरवतात. त्याच्या जागी आरशात दिसावा तसा उलटा घडवलेला दुसरा बसवतात. ब्रेकचं पेडल, स्टिअरिंगची यंत्रणा, वायरींचे जुडगे आणि काच पुसणारे वायपर, सगळ्यांनी जागा बदलायची. एका गाडीला शेकडो नवे सुटे भाग लागतात.

दिवेसुद्धा बदलावे लागतात. का, ते ओळखा पाहू! मोटारीच्या मंद दिव्याचा झोत कडेच्या बाजूला जरा लांब आणि वर टाकलेला असतो. त्यामुळे कडेनं चालणारी माणसं दिसतात आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. अमेरिकेत कड उजवीकडे, ऑस्ट्रेलियात डावीकडे. जुनेच दिवे ठेवले, तर झोत थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाईल!

एवढा खटाटोप म्हटल्यावर किंमतही तशीच असणार. एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर, म्हणजे आपले पन्नास लाख रुपये कधीच मागे पडले.

हौद्याची गंमत

आता एक कोडं. हायलक्ससारख्या साध्या यूटच्या हौद्यात साधारण एक टन वजन चालतं. मग त्याहून कितीतरी थोराड अमेरिकन ट्रकमध्ये किती चालेल? दोन टन? तीन टन?

चुकलात! १५०० च्या वर्गातले बहुतेक अमेरिकन ट्रक तिथे एक टनापेक्षा कमीच वजन अंगावर घेतात. काही तर सात-आठशे किलोवरच थांबतात. मोठं केबिन, भारी इंजिन आणि आरामासाठी मऊ ठेवलेल्या स्प्रिंगा. गाडीचं एकूण वजन किती असावं याची एक मर्यादा असते. स्वतःच्याच वजनानं तिचा मोठा भाग खाल्ला, की मालासाठी उरणार किती?

मग या पहिलवानाची ताकद आहे कशात? ती ओझं पाठीवर घेण्यात नाही, ओढण्यात आहे. साधी यूट साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढते. हा अमेरिकन गडी ओढतो साडेचार टन! ट्रेलर अडकवायला गाडीच्या मागे पोलादी गोळा असतो. साध्या यूटचा गोळा ५० मिलिमीटरचा, मोठ्या लिंबाएवढा. साडेचार टनांसाठी लागतो ७० मिलिमीटरचा, जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूएवढा.

मघाशी सांगायचं ठेवलेलं दुसरं कारण ते हेच. कुणाकडे घोडे नेण्याचा मोठा ट्रेलर असतो, कुणाकडे होडी, तर कुणाकडे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर. त्यात स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर, सगळं असतं. तिकडे निवृत्त झालेले पुष्कळ आजी-आजोबा अशी कॅरॅव्हॅन गाडीला जोडतात आणि महिनोन्‌महिने देश बघत फिरतात. त्यांचे पिकलेले केस पाहून लोकांनी त्यांना ‘ग्रे नोमॅड’ असं नाव दिलंय. नोमॅड म्हणजे भटके.

जिथे हा मोठा ट्रक छोटा होतो

ऑस्ट्रेलिया आकारानं भारताच्या दुपटीहून मोठा आहे, पण तिथली लोकसंख्या जेमतेम पावणेतीन कोटी. मेलबर्नहून पश्चिमेच्या पर्थ शहरी मोटारीनं जायचं, तर सुमारे ३,४०० किलोमीटर! वाटेत लागतं नलारबोरचं माळरान. हे नाव लॅटिन भाषेवरून पडलं. अर्थ आहे ‘एकही झाड नाही’. इथे आयर महामार्गाचा एक तुकडा सलग १४६ किलोमीटरहून जास्त सरळ आहे. म्हणजे मुंबईहून पुण्याला जायचं आणि स्टिअरिंग एकदाही वळवायचं नाही!

अशा वाटेवर आपला सहा मीटरचा पाहुणा अगदी शोभून दिसतो. मागे चार टनांची कॅरॅव्हॅन असली, तरी वाऱ्यात डगमगत नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर कांगारू उड्या मारत येतात. म्हणून पुष्कळ जण गाडीच्या तोंडाशी जाड लोखंडी गज बसवतात. उत्तरेकडे, नॉर्दर्न टेरिटरीत गेलं, तर समोरून ‘रोड ट्रेन’ येते. एका ट्रकला तीन-चार मोठे ट्रेलर जोडलेली ही मालगाडी रुळांवरून नाही, रस्त्यावरून धावते. लांबी ५३.५ मीटरपर्यंत! म्हणजे आपले नऊ पिकअप एकामागे एक. ती शेजारून धडधडत गेली, की हा थोराड अमेरिकन ट्रक एकदम खेळण्यातला वाटू लागतो.

आता घरातले मोठे लगेच विचारतील, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असेल, तर कंपनीच्या आकड्यांप्रमाणे लिटरला आठेक किलोमीटर. मागे जड कॅरॅव्हॅन जोडली, की आकडा निम्म्यावर येतो. पंपावर टाकी भरताना मालकाचा चेहरा कसा होत असेल, सांगायला नकोच.

आणि शाळेच्या फाटकापाशी

हाच ट्रक आता शहरात आणूया. ऑस्ट्रेलियातल्या पार्किंगमध्ये मोटारीसाठी आखलेली जागा साधारणपणे ५.४ मीटर लांब असते. ट्रक ५.९ मीटरचा. म्हणजे अर्धा मीटर शेपूट बाहेर! जागेची रुंदी २.४ मीटर असली, तर दोन्ही बाजूंना एकेक वीतसुद्धा धड उरत नाही. दार उघडून उतरायचं कसं? २०२३ साली तिकडे सूचना पुढे आली, की पार्किंगच्या जागा २० सेंटिमीटरनी लांब कराव्यात. झालं, वाद पेटला. काही जण म्हणाले, ‘गाड्या वाढल्या, तर जागाही वाढायला हव्यात.’ दुसरे म्हणाले, ‘जागा वाढवाल, तर गाड्या आणखी वाढतील!’

पण दोस्तांनो, पार्किंगपेक्षा मोठी काळजी वेगळी आहे आणि ती तुमच्याशी संबंधित आहे. या ट्रकचं बॉनेट जमिनीपासून एक मीटरहून उंच असतं. पहिलीतलं मूल अगदी जवळ, समोर उभं राहिलं, तर त्याचं जेमतेम डोकं वर दिसेल. त्याहून लहान मूल दिसणारच नाही. खोटं वाटतं? खुर्चीवर बसा. एक मोठी वही आडवी धरून हनुवटीपासून पुढे न्या. आता जमिनीकडे बघा. किती फरशा झाकल्या गेल्या? उंच बॉनेट अगदी असंच करतं. नव्या गाड्यांत कॅमेरे असतात, त्यांची मदत होते. पण कॅमेऱ्याकडे बघायलाही माणसाचं लक्ष हवं ना!

अमेरिकेत महामार्गावरच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारी विमा कंपन्यांची एक संस्था आहे. तिनं पादचाऱ्यांना मोटारीची धडक बसल्याचे सुमारे १८ हजार अपघात तपासले आणि २०२३ मध्ये निष्कर्ष सांगितला. ज्या गाड्यांचं बॉनेट सुमारे एक मीटरहून उंच असतं, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या आणि उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त असते. छोटी गाडी पायांना लागते, उंच गाडी थेट छातीला आणि डोक्याला.

ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच भागांत शाळा भरताना आणि सुटताना शाळेजवळ ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असते. दक्षिण ऑस्ट्रेलियात तर २५ चीच. ते चांगलंच आहे. पण न दिसणाऱ्या मुलाला वेगमर्यादा एकटी वाचवू शकत नाही. म्हणून तुम्हीही एक सवय लावून घ्या. ट्रक असो, टेम्पो असो, नाहीतर शाळेची बस, तिच्या अगदी नाकासमोरून कधीही जायचं नाही. चार पावलं लांब जा, ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघा. त्यानं तुम्हाला पाहिलं याची खात्री झाली, की मगच पुढे.

मग हा अमेरिकन ट्रक चांगला की वाईट? नलारबोरच्या माळावर मागे घोडे किंवा चाकांवरचं घर असेल, तर त्याच्यासारखा सोबती नाही. शहरात एकट्या माणसाला दूध-पाव आणायला न्यायचा, तर तोच ट्रक मालकाला महाग आणि शेजाऱ्यांना अडचणीचा. गाडी तीच, जागा बदलली.

तुमच्या घरी नवी गाडी घेण्याची चर्चा निघाली, की मोठी मंडळी विचारतील, रंग कोणता, किंमत किती, अ‍ॅव्हरेज काय. तुम्ही हळूच आणखी एक प्रश्न विचारा, ‘बाबा, वर्षातले ३६५ दिवस ही गाडी कुठल्या रस्त्यावरून जाणार आहे?’ बघा तरी, काय उत्तर मिळतंय ते!