सौजन्य : इंटरनेट

संगणक शिकवणाऱ्या एका मराठी पुस्तकात लिब्रेऑफिस रायटरचा स्क्रीनशॉट अर्ध्या पानावर छापला आहे. मेन्यू मराठीत, अक्षरं स्वच्छ. खाली बारीक टायपात ओळ आहे, ‘सौजन्य : इंटरनेट’. ते चित्र मी काढलेलं आहे आणि ती ओळ मला अजून सलते.

लिब्रेऑफिस, गिम्प, इंकस्केप, व्हीएलसी ही सगळी मुक्त सॉफ्टवेअरं. प्रकाशकांना आणि पत्रकारांना त्यांची चित्रं निर्धास्त छापता यावीत, म्हणून आम्ही काही जण मराठी मेन्यूचे स्क्रीनशॉट काढतो आणि सीसी बाय-एसए ४.० परवान्याखाली देतो, म्हणजे श्रेयाची आणि परवान्याची अट पाळून ते कुणालाही न विचारता वापरता येतात. वार्ताहराला कायद्यात थोडी मोकळीक आहेच. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ परीक्षणासाठी आणि चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त वापराची मुभा देतं. पण विक्रीच्या पुस्तकाला ती कितपत पुरेल? शिवाय घाई असते. संध्याकाळी पान लावायचं असतं, उपसंपादक गुगलवर पहिलं दिसेल ते उचलतो आणि मराठी सॉफ्टवेअरवरच्या मराठी लेखात इंग्रजी मेन्यूचं जुनंपुराणं चित्र जातं.

वाटतं तितकं हे बटण दाबण्याचं काम नाही. आधी संगणकावर कोरं खातं उघडायचं, म्हणजे कुणाचं नाव, मेल, सूचना चित्रात येत नाहीत. दस्तऐवजातला मजकूर स्वतः लिहायचा. अक्षरांसाठी लोहित किंवा मुक्ता, दोन्ही मुक्त परवान्याचे फॉन्ट. गिम्पमध्ये उघडलेला फोटोही आपलाच हवा. व्हीएलसीत हिंदी सिनेमा लावला की त्या सिनेमाचे हक्क आडवे येतात. तिथे ब्लेंडरवाल्यांचा २००८चा ‘बिग बक बनी’ हा लघुपट कामाला येतो, कारण तो श्रेय देऊन कुणालाही वापरता येतो.

मग छपाईचं गणित. १९२० पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० डीपीआयला जेमतेम सोळा सेंटिमीटर भरतं. फाइल पीएनजीच हवी. जेपीईजी केली की वेलांट्या आणि अनुस्वारांभोवती राखाडी डाग उमटतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून धाडली तर आणखी चेचली जाते.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या पुस्तकाच्या प्रकाशनसंस्थेने चित्रं मागितली तेव्हा मी फाइली मेलने पाठवल्या आणि खाली छापायची ओळही लिहून दिली : नाव, परवाना, दुवा. त्यांनी आधी शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर परवानगीपत्र मागितलं. परवाना हीच परवानगी, ती सगळ्यांना आधीच दिलेली आहे, हे समजावण्यात बराच वेळ गेला. पटलं, असं ते म्हणाले. पुस्तक आलं, आणि ओळ गायब. फोन केला तर उत्तर मिळालं, “मॅडम, लेआउटमध्ये बसत नव्हती. आणि चित्र तर फुकटच होतं ना?”

फुकट होतं, पण बेवारस नव्हतं. त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ‘सर्व हक्क सुरक्षित’ असं ठसठशीत छापलं आहे. लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग वापरू नये, असंही. शिकवणी घेणाऱ्या एका बाईंना तेच चित्र आपल्या स्लाइडमध्ये हवं होतं. त्यांनी इमानेइतबारे प्रकाशकाला विचारलं आणि नकार मिळाला. जे चित्र त्यांना कुणालाही न विचारता घेता आलं असतं, ते छापील पुस्तकात येऊन बंद झालं. मला राग आहे तो याचा. श्रेयाची ती ओळ माझं नाव मिरवायला नसते. पुढच्या वाचकाला ‘तुम्हीही घ्या’ असं सांगायला असते.

असं मी म्हणते खरी, पण पुस्तक हातात आल्यावर मी सगळ्यांत आधी माझं नावच शोधलं होतं. नावाचं काही नाही, असं म्हणणाऱ्यांवर माझा आता फारसा विश्वास नाही.

काहींनी सुचवलं, सीसी झीरो लावून टाक, म्हणजे श्रेयाची कटकटच नको. पण खिडकीतली आयकॉन मूळ प्रकल्पाची असतात. लिब्रेऑफिसला एमपीएल २.०, गिम्पला जीपीएल ३. हे परवाने पुसण्याचा अधिकार मला नाही. संपादकांना माझं सांगणं एवढंच की चित्राखाली जागा नसेल तर पुस्तकाच्या शेवटी चित्रसूची द्या, तिथे सगळी नावं आणि परवाने मावतात. आणि प्रकल्पांनी आपल्या प्रसिद्धी साहित्यात इंग्रजीबरोबर मराठी, कन्नड, तमिळ मेन्यूची चित्रंही ठेवावीत. लिब्रेऑफिसची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास येते. दर वेळी मूठभर स्वयंसेवकांनी सगळं नव्याने काढत बसावं, हे टिकणारं नाही.

सीसी ४.०ची एक तरतूद फार कुणी वाचत नाही. अट मोडली की वापराचा हक्क आपोआप संपतो. चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर तो परत मिळतो, एरवी परवाना देणाऱ्याने स्पष्टपणे बहाल करावा लागतो. त्या प्रकाशनसंस्थेची मुदत केव्हाच उलटली आहे. आता दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यांना नवी, मोठी चित्रं हवी आहेत. देऊ नयेत, असं मनात येतं. पण ते पुस्तक गावोगावच्या मुलांच्या हातात जातं आणि मराठी मेन्यू त्यांना दिसायलाच हवा. म्हणून मी कळवलं आहे : आधी पहिल्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्र घाला, मग फाइली मिळतील.