तीन तासांचे अंतर

दुबई ते मुंबई विमानतळ सुमारे १,९३० किलोमीटर. विमानाला साधारण तीन तास लागतात. फोनवर अब्बांना मी नेहमी म्हणायचो, "काळजी करू नका, तीन तासांत येईन." याच भरवशावर त्या वर्षीची सुट्टीही पुढे ढकलली होती.

एके दिवशी फजरच्या वेळी भाईजानचा फोन आला. अब्बांचा इंतकाल झाला होता. सकाळी दहाच्या विमानात जागा मिळाली. विमान वेळेवर सुटले, वेळेवर उतरले. पण दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईत उतरलो तेव्हा अडीच वाजले होते. विमानतळाबाहेर पडेपर्यंत साडेतीन. पुढे चिपळूण अडीचशे किलोमीटर.

पनवेल ओलांडताना पुन्हा फोन आला. "असरनंतर जनाज्याची नमाज ठरली आहे. तुझ्यासाठी थांबू का?"

मय्यतीला उशीर करू नये, हे अब्बांनीच आम्हाला शिकवले होते. म्हणालो, "थांबू नका, भाईजान."

कशेडी घाट उतरून घरी पोहोचलो, तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. विमानाचे तीन तास, रस्त्याचे सात. दुसऱ्या दिवशी फजरनंतर कब्रस्तानात गेलो आणि ओल्या मातीपाशी उभा राहून दुआ मागितली.

आता आमच्याकडे नव्याने आलेली मुले "मुंबई तीनच तासांवर" म्हणतात, तेव्हा मी सांगतो: अंतर विमानतळापर्यंत नाही, घराच्या उंबरठ्यापर्यंत मोजा. आणि या वर्षीची सुट्टी याच वर्षी घ्या.