हलकी गाडी, मोकळी वाट

साताऱ्याहून कास पठाराकडे जाताना यवतेश्वराच्या घाटातील वळणावर वेग मंदावतो, पाय टेकावा लागतो आणि मोटारसायकलचे खरे वजन तेथेच कळते. धावत्या गाडीचे ओझे जाणवत नाही; जाणवते ते थांबताना, मागे ढकलताना, स्टँडवर चढवताना. वयानुसार स्नायूंचे बळ आणि तोल ओसरतो. म्हणून १९५ किलोची क्लासिक ३५० सोडून सुमारे ११२ किलोची स्प्लेंडर घेणे ही माघार नव्हे. प्रवास सुटू नये यासाठीची ती तजवीज आहे. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकतील, अशीच गाडी आपण निवडावी.

नव्या गाडीची पहिली लांब फेरी घाटात न करता सांगलीची करावी. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर उतरून पाय मोकळे करावेत, पाणी प्यावे. पुढे पेठ नाक्याला महामार्ग सोडून आष्ट्यामार्गे सांगली गाठावी. गळीत हंगामात या वाटेवर उसाच्या ट्रॉल्या असतात. अंधारात त्या चटकन दिसत नाहीत आणि मोतीबिंदू होऊ लागलेल्या डोळ्यांना समोरच्या दिव्यांचा झोत सोसत नाही. तेव्हा सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

रक्तदाबाच्या गोळीने भोवळ किंवा सर्दीच्या गोळीने झापड येत असेल, तर गाडी काढू नये, डॉक्टरांना सांगावे. आणि घरच्या मंडळींनी किल्ली लपवण्याऐवजी हलक्या गाडीचा विषय वेळेवर, आदराने काढावा. वडीलधाऱ्यांना बहुधा तोच पटतो.