पासपोर्टाचं इंग्रजी

परदेशात नोकरी म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये जीआरई, एमएस आणि फार तर जर्मनी, एवढेच शब्द ऐकू येतात. "मी परदेशात जाऊन इंग्रजी शिकवणार" असं कुणी म्हणालं तर मेसमध्ये हमखास हशा पिकेल. ज्यांची भाषा त्यांना सोडून आपल्याला कोण बोलावणार? पण माझ्या सख्ख्या ताईने हा उद्योग केला. तिचे अर्ज टाइप करण्यापासून मुलाखतीत समोर विद्यार्थी म्हणून बसण्यापर्यंत सगळी हमाली मी केली. म्हणून हे लिहायचा थोडाफार हक्क मला आहे, असं समजते.

आम्ही मिरजेच्या. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी आम्हा दोघींना कॉन्व्हेंटमध्ये घातलं. तिथे मैदानावर मराठी बोललं तरी दंड व्हायचा, त्यामुळे आमचं इंग्रजी फाडफाड झालं. (मराठी मात्र अजून शुद्धलेखनाच्या दयेवर आहे, संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं!) ताईने बी.ए., बी.एड. केलं आणि एका इंग्लिश मीडियम शाळेत दोन वर्षं काढली. सहीचा पगार एक आणि हातात पडायचा तो दुसरा. त्यात माझ्या इंजिनिअरिंगचं कर्ज. एका रविवारी जेवता जेवता ती म्हणाली, "बाबा, मी बाहेर बघते." बाबांना वाटलं, पुण्यात!

पहिला धक्का जाहिरातींनी दिला. दहातल्या सात जाहिरातींवर एकच ओळ: ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’. आम्ही म्हटलं, ताईची परीक्षा घ्या की! पण ही अट जिभेची नसून पासपोर्टाची असते. दक्षिण कोरियात खाजगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचा व्हिसा फक्त सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारात भारतीयांसाठी शाळेतल्या सहाय्यक शिक्षकाची एक खिडकी ठेवली आहे, पण ती खिडकीच. जपानचा नियम मला जास्त प्रामाणिक वाटला. तिथे शाळेत भाषा शिकवायच्या व्हिसासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं लागतं. आम्ही बोटांवर मोजलं, पहिली ते बारावी, बरोब्बर १२! कॉन्व्हेंटचे दंड सार्थकी लागले म्हणून हसलोसुद्धा. पण जपानहून मुलाखतीचं बोलावणं काही आलं नाही.

मग एक एजंट भेटला. थायलंडला नोकरी पक्की, दीड लाख द्या, टुरिस्ट म्हणून जा, पुढचं तिथे गेल्यावर बघू. आई तर पाटल्या मोडायला निघाली होती. ताई म्हणाली, "थांब गं, आधी बघू तर दे." आम्ही सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर शोधलं, तर नोंदणीकृत एजंटांच्या यादीत त्याचं नावच नाही. नोंदणी असलेल्या एजंटलासुद्धा उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. आणि टुरिस्ट म्हणून जाऊन काम करणं हा तिथे सरळ गुन्हा आहे.

हे आपल्या होस्टेलने नीट वाचावं, कारण जाळं आपल्यासाठीच टाकलेलं असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता. थायलंडमध्ये नोकरी म्हणून आयटी शिकलेल्या मुलांना बोलवायचं आणि सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपायचं, असा तो प्रकार. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी तिथून ५०० हून जास्त भारतीयांना परत आणलं. तेव्हा कुणी मोठ्या पगाराचं गाजर दाखवलं तर आधी विचारा: कामाचा व्हिसा निघायच्या आधी मिळणार का? करारावर शाळेचं किंवा कंपनीचं नाव आहे का? उत्तर गोलगोल आलं तर घरी बसलेलं बरं.

ताईने एजंट सोडला आणि थायलंडमधल्या शाळांना थेट मेल पाठवायला सुरुवात केली. साठ मेल गेले, उत्तरं चार आली. एका शाळेने टोइक परीक्षेचे गुण मागितले, ९९० पैकी निदान ६००. ताईला ९४५ पडले. मग ऑनलाइन डेमो लेसन ठरला.

डेमोच्या तयारीला ती दोन दिवस आमच्या रूमवर येऊन राहिली (रेक्टर मॅडमच्या परवानगीने, पाहुण्यांचे पैसे भरून!). वर्ग म्हणून मी आणि माझी रूममेट. रूममेट औशाची, दहावीपर्यंत मराठी मीडियम. ताईने विचारलं, "‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ चूक का?" मी म्हटलं, "चूक आहे गं, कानालाच खटकतं." ताई म्हणाली, "कान त्या पोरांना कुठून देऊ? कारण सांग." मला सांगता येईना. औशाची बाई खाटेवरूनच म्हणाली, "दीदी, काल, परवा अशी संपलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ गळतं. आमच्या सरांनी घोकून घेतलेलं." ताईने तिला टाळीच दिली.

त्या दिवशी मला जाहिरातीतल्या त्या ओळीतली गोम कळली. जी भाषा हवेसारखी मिळते, तिच्यातले खड्डे माणसाला दिसत नाहीत. जो ठेचा खात शिकला, त्याला प्रत्येक दगड कुठे आहे ते ठाऊक असतं. शिकवायला दोन्ही लागतं, कानही आणि दगडांचा नकाशाही. पासपोर्टात यातलं एकही छापलेलं नसतं.

शाळेने ताईला घेतलं. ईशान्य थायलंडमधलं एक आडगाव, भाताची शेतं, पगार २३ हजार बाथ. शाळेने कागद पाठवले, त्यावर ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा मिळाला आणि तिथे पोचल्यावर वर्क परमिट. शिक्षकांना परवानगी देणाऱ्या तिथल्या संस्थेचं नाव खुरुसफा, म्हणजे आपली गुरुसभा! थाई भाषेत असे आपले शब्द पदोपदी भेटतात. भाषेला ते फासा म्हणतात, आणि आपल्या शाखेला, मंडळी, वित्सवकम, म्हणजे विश्वकर्म! ब्रँचवरून भांडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तिथे पोचल्यावर कळलं की त्याच शाळेतल्या इंग्लंडच्या मास्तरला ३५ हजार मिळतात, आणि त्याचं बी.एड.ही नाही. ताई दोन रात्री रडली. मी फोनवर म्हटलं, "ये परत." ती म्हणाली, "परत येऊन त्याचा पगार कमी होणारे का? वर्षाचा अनुभव तरी गाठीला बांधते, मग बोलते." हे अन्यायाचंच आहे आणि गोड शब्दांत सांगण्यासारखं त्यात काही नाही. पण गेल्या सेमिस्टरची माझी फी त्या २३ हजारांतूनच भरली गेली, हेही तितकंच खरं.

वर्गात मात्र तिचं जमलं. थाईमध्ये शब्दाच्या शेवटी ‘स’ टिकत नाही, त्यामुळे पोरं ‘हाउस’चं ‘हाउत’ करतात. क्रियापदाला काळाप्रमाणे प्रत्यय लागत नाहीत, म्हणून ‘येस्टरडे आय गो’. ताई चिडत नाही. आपण तरी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही एकाच ‘व’वर भागवतोच की! जूनमध्ये शाळेत ‘वाइ ख्रू’ झालं, म्हणजे त्यांची गुरुवंदना. तीही बहुधा गुरुवारीच करतात. पोरांनी गुडघ्यावर बसून ताईच्या हातात फुलं दिली, त्यात चक्क दूर्वा होत्या! फोटो बघून आईने पदर डोळ्यांना लावला आणि लगेच विचारलं, "तिथे गणपती असतो का गं?"

आता ताई स्वतःच विद्यार्थिनी झाली आहे. थाईमध्ये पाच सूर असतात. ‘मा’ सरळ म्हटलं तर ‘ये’, उंच म्हटलं तर ‘घोडा’, खालून वर नेलं तर ‘कुत्रा’. परवा तिने एका पोराला प्रेमाने ‘ये’ म्हणून बोलावलं आणि अख्खा वर्ग लोळून हसला. मग सातवीतल्या एका पोरीने पुढे येऊन, ताईचंच बघून शिकल्यासारखं, हाताने सूर हवेत काढून दाखवला आणि तिच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतला. न चिडता.

मार्चमध्ये ताईचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. नव्या पगाराचं बोलणं हेडबाईंशी थाईतून करायचं तिने ठरवलंय, म्हणून रोज रात्री सूर घोकणं चालू आहे.