टाचणीची तोफ

दांडा असलेली एक चपटी लाकडी फळी. कुंभाराच्या थापटण्याची धाकटी बहीण शोभेल अशी. तिच्या तोंडावर एक आखूड, टोकदार टाचणी बसवलेली, आणि ती बरोबर मध्यावर नाही. एका फळीवर जरा डावीकडे सरकलेली, दुसरीवर थोडी खाली, तिसरीवर आणखी कुठे. दिसायला सगळ्या बहिणी सारख्या. वेगळेपण एवढ्याशा अंतरात. त्या अंतरातच या फळीचा सारा स्वभाव साठवला आहे.

तिचं नाव स्ट्रायकर. कॅरमशी तिचा संबंध नाही. ती १८९८ साली इंग्लंडात लोकांपुढे आली, फ्रेड जेन या चित्रकार-पत्रकाराच्या नाविक युद्धखेळातून. जेनने नौदलात कधी चाकरी केली नाही, पण युद्धनौकांच्या वेडाने तो शाळकरी वयापासून झपाटलेला होता. ब्रिटिश आरमाराने १८८२ मध्ये अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, त्या वेळी तो कोवळा मुलगा होता. पुढे पोर्ट्समथच्या बंदरात त्याने अधिकाऱ्यांना आपल्या टेबलाभोवती बसवलं. प्रत्यक्ष युद्धात जे घडू शकत नाही ते खेळातही घडता कामा नये, हा त्याचा मूळ नियम. हे म्हणायला सोपं आहे. पाळायला किती कठीण आहे, ते नियम लिहायला बसणाऱ्यालाच कळतं.

जहाज चालवण्याचे नियम जमतात. वेग ठाऊक असतो, वळायला किती पाणी लागतं तेही ठाऊक असतं. टेबलावर चौकोन आखले, मोजपट्टी धरली की काम होतं. खरा गुंता तोफेपाशी. डागलेला गोळा लागला की नाही, हे ठरवायचं कुणी? प्रशियाच्या सैन्याने १८२४ पासून आपल्या नकाशावरच्या युद्धखेळात फासे आणि कोष्टकं वापरली होती, आणि निवाड्याला पंच बसवला होता. फासा निष्पक्षपाती खरा, पण त्याला तोफखान्यावरच्या माणसाचं काही देणंघेणं नाही. पंच शहाणा असेल, पण हरलेल्याला तो कधीच शहाणा वाटत नाही. जेनने हा निवाडा खेळाडूच्या मनगटाकडे सोपवला.

समोर शत्रूच्या जहाजाचं कागदी चित्र ठेवायचं, आडवं, बाजूने दिसणारं, खणांत विभागलेलं. अंतर जास्त असेल तर चित्र लहान, जवळ असेल तर मोठं. खेळाडू फळी उचलतो आणि चित्रावर हाणतो. टाचणी जिथे टोचेल तिथे गोळा पडला. भोक बुरुजावर असेल तर तोफ गेली, पाण्याच्या रेषेवर असेल तर पाणी आत शिरलं, कोऱ्या कागदावर असेल तर दारूगोळा समुद्राला वाहिला. चित्र लहान झालं की चुकणं वाढतं. अंतराचा वेगळा नियम लिहावाच लागत नाही, तो कागदाच्या आकारातच आला. नियम रचणाऱ्याच्या हातून झालेल्या इतक्या सुंदर कामाची उदाहरणं मला फार थोडी माहीत आहेत.

आता टाचणी मध्यावर का नाही, ते पाहा. ती मध्यावर असती तर सरावलेला हात दर वेळी शत्रूच्या बुरुजावरच उतरला असता, आणि सागरी युद्ध म्हणजे नेमबाजीची स्पर्धा झाली असती. तोल असा ढळवल्यामुळे नेम धरता येतो, त्याची खात्री मात्र देता येत नाही. कौशल्याला ती मान देते, पण त्याला शिरजोर होऊ देत नाही. ज्याने कोठाराकडे पाहून फळी हाणली त्याच्या वाट्याला धुराडं येतं; आणि ज्याने चिडून नुसता तडाखा दिला त्याला ती एखादे वेळी पाण्याची रेषा बहाल करते. फळी कुणाला फसवत नाही. ती फक्त समुद्रासारखी वागते.

समुद्र कसा वागतो, ते त्याच वर्षी साऱ्या जगाने पाहिलं. ३ जुलै १८९८ रोजी क्युबाच्या सांतियागो बंदराबाहेर अमेरिकी नौकांनी स्पॅनिश आरमाराचा फडशा पाडला. विजय निर्विवाद होता. पण नंतर हिशेब झाला तेव्हा कळलं, की नऊ हजारांहून अधिक गोळे डागले गेले आणि लागल्याच्या खुणा सव्वाशेच्या आसपास सापडल्या. त्या काळातल्या पुष्कळ तोफखाना-अधिकाऱ्यांपेक्षा ती वाकड्या टाचणीची फळी सत्याच्या जवळ होती, असं मी बेधडक म्हणेन.

तिला एक सोबती होता, आणि पुढे त्याचंच नाव मोठं झालं. गोळा लागला, पण चिलखत भेदून आत गेला का, हा प्रश्न टाचणीच्या आवाक्याबाहेरचा. त्यासाठी प्रत्येक जहाजाचं चिलखत, तोफा, वेग यांची बिनचूक माहिती हवी. म्हणून खेळाच्या जोडीला त्याच वर्षी ‘ऑल द वर्ल्ड्स फायटिंग शिप्स’ हा ग्रंथ आला, जेनने स्वतः काढलेल्या चित्रांसह. चिलखताच्या दर्जाला एक अक्षर, तोफेच्या भेदकतेला दुसरं. दोन अक्षरं शेजारी ठेवली की निकाल. जगभरची नौदलं ज्याचे खंड अजूनही चाळतात तो ‘जेन्स’ असा टेबलावरच्या खेळाचा जोडीदार म्हणून जन्मला.

फळीचं वय मात्र झपाट्याने झालं. तिची घडण दीडदोन हजार यार्डांवर तोफांचा सराव करणाऱ्या जगातली. ८ मार्च १९१६ रोजी जेन वारला, आणि तीन महिन्यांच्या आत, ३१ मे रोजी, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश-जर्मन लढाईत जटलंडच्या समुद्रात सुमारे १५,००० यार्डांवरून तोफा धडाडू लागल्या. एवढ्या अंतराला चित्र किती लहान करणार? आता नेम डोळ्याने धरला जात नव्हता. अंतरमापक आणि गणितयंत्रं तो ठरवत होती. तरी जटलंडमध्ये लागलेले मोठे गोळे शंभरांत जेमतेम तीन होते. टाचणीचं मूळ म्हणणं तिथेही खरं ठरलं.

फासे पुढे जवळजवळ सगळीकडे रुळले, कारण ते सोयीचे आहेत. पण फळीचं रक्त एका ठिकाणी नक्की उतरलं, तेही तिचा आकार न घेता. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर प्रॅट या लेखकाने लाकडी नौका खोल्यांच्या जमिनीवर उतरवल्या; एक इंच म्हणजे पन्नास फूट या मापाच्या. १९४० मध्ये त्याच्या नियमांचं पुस्तक निघालं. गोळा लागला की नाही, हे ठरवायला त्यात फासा नाही. खेळाडू पोटावर पालथे पडतात, नौकेशेजारी कागदी बाण ठेवतात आणि शत्रू किती इंचांवर आहे ते अंदाजाने लिहून देतात. मग फीत धरून मोजलं जातं आणि गोळा पडला तिथे खूण रोवली जाते. पहिला अंदाज बहुधा चुकतो. पण खूण शत्रूच्या अलीकडे पडली की पलीकडे, हे दिसतं, आणि पुढच्या फेरीत आकडा सुधारून लिहिता येतो. जटलंडच्या डोलकाठ्यांवर बसलेले निरीक्षक पाण्याचे उसळणारे स्तंभ पाहून हेच करत होते.