एनीकटच्या वर किती?

मे सरता सरता भिलाईत एखाद्या दुपारी पश्चिमेचं आकाश मातकट तांबडं होतं, आणि माणसं दोरीवरचे कपडे काढायच्या आधी झाडांकडे बघतात. सेक्टरांतल्या रस्त्यांवर कडुनिंब आणि गुलमोहर, बरेचसे वसाहतीच्याच वयाचे. पारा पंचेचाळीसला टेकला की त्यांच्या सावलीला दुवा द्यायचा आणि अंधड उठलं की त्यांच्याखालची स्कूटर हलवायची, असं आमचं त्यांच्याशी मतलबी नातं. गुलमोहर तर फारच लेचापेचा. फुलांनी लदबदलेली फांदी घेऊन तो सरळ विजेच्या तारांवर आडवा होतो, आणि मग रात्रभर अंधार.

आमच्या क्वार्टरचं छत सपाट होतं. त्यावरचा डांबरी थर, ज्याला इथे सगळे टारफेल्टिंग म्हणतात, मेच्या उन्हात फुगून कडेनं सुटायचा. पहिल्या पावसाआधी आई पदर खोचून गच्चीवर चढायची आणि पन्हळीच्या तोंडाशी साठलेली पानं, निंबोळ्या, मेलेलं एखादं कबुतर असं सगळं उपसायची. रेशनकार्ड, दाखले, बँकेची पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ट्रंकेत, आणि ट्रंक माळ्यावर. आम्हा मुलांची जमिनीवरची अंथरुणं पावसाळाभर खाटेवर जायची, कारण बिळात पाणी शिरलं की करैत, म्हणजे मण्यार साप, कोरडी जागा शोधत घरात येतो आणि रात्री झोपेतल्या माणसाला चावतो.

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसला होते. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली भट्टी सुरू झाली. भट्टी ही काही मनात आलं की विझवता येणारी चूल नव्हे. बाहेर वादळ असो की महापूर, लोखंड वितळतच राहतं. बाबा सांगायचे, वितळलेल्या लोखंडावर वरून पाणी पडलं तर नुसती वाफ होते, पण तेच पाणी लोखंडाच्या खाली सापडलं तर स्फोट. म्हणून जिथे धातू वाहतो, ओतला जातो, ती जागा पावसाळ्यात ठणठणीत कोरडी ठेवायची. घरातलं त्यांचं सगळं शहाणपण यातूनच आलेलं. पाऊस किती पडतो याची त्यांना कधी फारशी फिकीर नसे. पडलेलं पाणी कुठे जाऊन अडकतं, एवढंच ते बघत. पावसाळी रात्री कारखान्यात स्लॅग, म्हणजे वितळलेली मळी, ओतली की खाली आलेल्या ढगांची पोटं लालभडक व्हायची, आणि त्या उजेडात बाबा खिडकीतून गल्लीतल्या नालीची पातळी बघून घ्यायचे.

आषाढ अमावस्येला आई समया, निरांजनं, कंदील घासून पाटावर मांडायची. दिव्यांची अवस. छत्तीसगढी घरांत त्याच दिवशी हरेली: नांगर-कुदळीची पूजा, दारावर कडुनिंबाची डहाळी, उंबऱ्याच्या चौकटीत लोहारानं ठोकलेला खिळा. पोरं बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून पाय न भिजवता गावभर फिरतात. एका घरात कंदिलाची काच पुसली जाते, दुसऱ्यात चिखलातून चालायचा सराव होतो. पंचांग लिहिणाऱ्यांना आपत्ती व्यवस्थापन ठाऊक नसावं, पण वेळ त्यांनी अचूक धरली आहे. भर पावसाळा अजून पुढेच असतो. बंगालच्या उपसागरातून उठलेले कमी दाबाचे पट्टे ओडिशावरून एकामागून एक इकडे चालून येणार असतात.

टाउनशिप उंचावर आहे. फार तर अंडरब्रिज तुंबतात. चंद्रा-मौर्याच्या अंडरब्रिजखाली गाडी बंद पडल्याशिवाय भिलाईकराचा पावसाळा साजरा होत नाही. पूर खरा शिवनाथेचा. ती पानाबरसच्या डोंगरात, आपल्या गडचिरोलीच्या शेजारी उगम पावते आणि दुर्गला वळसा घालून जाते. वर मोंगरा, घुमरिया, सूखा नाला या बंधाऱ्यांतून पाणी सोडलं की काही तासांनी ते दुर्गजवळ महमऱ्याला पोचतं. तिथला एनीकट, म्हणजे नदीवरचा बुटका बंधारा, हीच सगळ्या परिसराची मोजपट्टी. क्युसेकचे आकडे कुणाला कळत नाहीत. ‘एनीकटच्या वर किती फूट?’ एवढं विचारलं की पुरे. गावचा राखणदार, कोटवार, मुनादी म्हणजे दवंडी देतो, आणि नदीकाठच्या भाजीच्या बाड्यांतली, वीटभट्ट्यांवरची माणसं पोटापाण्याचं सामान उचलतात. सगळी नाही उचलत. वीटभट्टीवरच्या मजुराला रचलेल्या कच्च्या विटा सोडवत नाहीत, मग एसडीआरएफची बोट येते.

आमच्याकडे पाणी चढल्याची बातमी दूधवाला आणायचा. ‘एनीकट बुड़ गे,’ म्हणाला की आई त्याला आधी विचारायची, गाई कुठे बांधल्यास. थनौदचे मूर्तिकारही याच नदीच्या काठचे. आपल्या गणपतीला दोन-तीन आठवडे राहिलेले, माती ओली, रंग व्हायचा, आणि पाणी चढतंय. मंडळाच्या मूर्तीचा आगाऊ दिलेला विसार परत मागायचा नाही, उलट उरलेले पैसे लवकर पोचवायचे, असं आमच्या मंडळातल्या काकांनी एका वर्षी ठणकावून सांगितलं होतं. तालपत्री विकत घ्यायला पैसे पूर ओसरल्यावर मिळून उपयोग काय?

भिलाईवर खरं संकट मात्र नदीतून आलं नाही. 2018 च्या पावसाळ्यात डेंगूनं शहर हादरलं. खुर्सीपारसारख्या वस्त्यांत घरोघर तापाचे रोगी, दवाखान्यांत खाटा नाहीत, आणि मृत्यू. डेंगूचा डास पुराच्या गढूळ पाण्यात वाढत नाही. त्याला साचलेलं, स्वच्छ पाणी लागतं. कूलरच्या टाकीत, टायरात, गच्चीवरच्या फुटक्या बादलीत. उन्हाळ्यात ज्या कूलरनं जगवलं, तोच रिकामा करायचा राहिला होता. बाबा तेव्हा रिटायर झालेले. ‘अडकलेलं पाणी,’ एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांचे कूलर उपडे करत हिंडू लागले. काहींना ते आवडलं नाही.

आता मोबाईलवर यलो, ऑरेंज, रेड असे इशारे येतात. वीज कुठे पडू शकेल ते पुण्याच्या शास्त्रज्ञांनी केलेलं दामिनी ॲप सांगतं. चांगलंच आहे ते. पण वरच्या मजल्यावरच्या मल्याळी आंटींचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं आणि लाईट गेली की ते बर्फाच्या डब्यात हलवावं लागतं, हे कुठलं ॲप सांगणार? या जूनमध्ये गल्लीची बैठक झाली तेव्हा अशी यादी केली: एकटं कोण राहतं, जिना कुणाला उतरवत नाही, जास्तीची किल्ली कुणाकडे. ती पटकन झाली. भांडण झालं ते नालीवरून. आपली गल्ली संपते तिथपर्यंतच साफ करायची, की खालच्या बस्तीच्या पुलियापर्यंत? आपला कचरा वाहून तिथेच अडकतो, हे सगळ्यांना मान्य. फावडं धरायला मात्र पुढचा रविवार बरा, असं बऱ्याच जणांचं मत पडलं. शेवटी निम्मे लोक आले. बस्तीतली पोरं आमच्या आधीच पाण्यात उतरली होती, आणि त्यांनी पुलियाखालून जो पहिला अडसर ओढून काढला, तो कुणाच्या तरी जुन्या कूलरची खसची जाळी होती.